भास्कराचार्यांचे बीजगणित

शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा संस्कृत ग्रंथ लिहून पूर्ण झाला. त्याचे चार भाग मानले जातात. ‘लीलावती’त अंकगणित आणि क्षेत्रगणित आहे, ‘बीजगणिता’त अव्यक्त संख्यांचे गणित आहे, ‘गणिताध्याया’त ग्रहांच्या गतीचे गणित आहे आणि ‘गोलाध्याया’त पृथ्वी व आकाश यांच्या गोलांचे विवेचन आहे. ग्रंथकर्त्याचे वय त्या वेळी छत्तीस वर्षांचे होते. त्याचे नाव भास्कर. पुढच्या पिढ्यांनी त्याला आदराने भास्कराचार्य म्हटले. सातव्या शतकात याच नावाचा आणखी एक थोर गणिती होऊन गेला असल्यामुळे इतिहासकार यांना दुसरे भास्कराचार्य म्हणतात. १९७९ मध्ये भारताने अवकाशात सोडलेल्या उपग्रहाला ‘भास्कर’ हे नाव या दोघांच्या स्मरणार्थच दिले गेले.

भास्कराचार्यांनी स्वतःविषयी फार थोडे लिहून ठेवले आहे. आपला जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला, हे त्यांनी ‘गोलाध्याया’त सांगितले आहे, पण ते अंकांत नव्हे, शब्दांत. संस्कृतातील शास्त्रग्रंथ पद्यात रचले जात आणि अंक वृत्तात बसवणे अवघड असे. म्हणून अंकांच्या जागी वस्तूंची नावे योजण्याचा प्रघात होता. रस सहा असतात, म्हणून रस म्हणजे सहा. गुण तीन, म्हणून गुण म्हणजे तीन. आकाश म्हणजे शून्य. पृथ्वी एकच, म्हणून पृथ्वी म्हणजे एक. वाचताना सुरुवात एककापासून करायची. सहा, तीन, शून्य, एक अशा क्रमाने शब्द आले की वाचणाऱ्याने १०३६ ही संख्या समजून घ्यायची. शब्दांतून संख्या आणि संख्येतून शब्द असे जाणे-येणे त्या काळच्या विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेले होते.

त्यांचे घराणे शांडिल्य गोत्राचे. घराण्यात पूर्वीपासून कवी आणि विद्वान होऊन गेले होते. एका पूर्वजाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते आणि तेच भास्कराचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड हे आपले गाव, असे भास्कराचार्य सांगतात. हे गाव नेमके कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. काहींच्या मते ते विजापूर होय, तर काहींना ते जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात असावे असे वाटते. पाटणचा या घराण्याशी निश्चित संबंध होता. त्याचा पुरावा पुढे येईलच.

‘लीलावती’ या नावामागची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यावर घटिकापात्र ठेवले होते. तिच्या दागिन्यातील मोती पात्रात पडून त्याचे छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. मग दुःखी मुलीचे नाव अजरामर करण्यासाठी पित्याने हा ग्रंथ रचला, अशी ती कथा. ती मन हेलावणारी आहे, परंतु भास्कराचार्यांच्या लेखनात तिला आधार नाही. अकबराच्या आज्ञेवरून कवी फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चा फारसी अनुवाद केला, त्यात ती आढळते, म्हणजे ग्रंथरचनेनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. ग्रंथातील उदाहरणे कधी एखाद्या बालेला, कधी सखीला, कधी मित्राला उद्देशून विचारलेली आहेत. लीलावती कोणीही असो, समोर बसलेल्या व्यक्तीला प्रश्न विचारावा, तिने विचार करावा आणि उत्तर द्यावे, अशी या ग्रंथाची घडण आहे. ही बोलकी घडण हेच ग्रंथाच्या लोकप्रियतेचे खरे कारण असावे.

‘लीलावती’तील प्रश्न कोरड्या संख्यांचे नाहीत. त्यांत हंस आहेत, सरोवरातील कमळ आहे, मोर आणि साप आहेत, युद्धात बाण सोडणारा अर्जुन आहे. भुंग्यांचा प्रश्न त्यांपैकी एक. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबाच्या झाडाकडे गेला. तिसरा भाग दुसऱ्या एका फुलझाडाकडे गेला. या दोन भागांत जेवढे अंतर आहे त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांकडे गेले. उरलेला एक भुंगा दोन सुगंधांच्या ओढीने हवेतच घुटमळत राहिला. तर थव्यात भुंगे किती?

‘लीलावती’त असे प्रश्न सोडवण्यासाठी इष्टकर्म नावाची रीत दिलेली आहे. आपल्याला सोयीची कोणतीही एक संख्या धरायची आणि प्रश्नात सांगितलेल्या सर्व गोष्टी तिच्यावर करून पाहायच्या. समजा, ३० भुंगे धरले. पाचवा भाग ६, तिसरा भाग १०, दोहोंतील अंतर ४, त्याची तिप्पट १२. सहा, दहा आणि बारा मिळून २८ झाले, म्हणजे उरले २. प्रश्नात उरला आहे एक. दोन उरतात तेव्हा मूळ संख्या तीस, तर एक उरतो तेव्हा पंधरा. थव्यात १५ भुंगे होते. ही रीत सोपी आहे आणि हिशेब तोंडी करणाऱ्या व्यापाऱ्यालाही ती जमेल. परंतु ती सगळीकडे चालत नाही. जेथे धरलेली संख्या दुप्पट केली की बाकीही दुप्पट होते, तेथेच ती उपयोगी पडते. प्रश्न थोडा निराळा झाला की ती अडते, आणि मग दुसऱ्या भागाकडे, म्हणजे ‘बीजगणिता’कडे वळावे लागते.

तेथे पाऊल टाकताना विद्यार्थ्याला एक धीट गोष्ट करावी लागते. माहीत नसलेल्या संख्येच्या जागी कोणतीही माहीत संख्या न धरता, ती माहीत नाही हे मान्य करून तिलाच एक नाव द्यायचे आणि तिच्याशी माहीत असल्यासारखा व्यवहार करायचा. भास्कराचार्य त्या संख्येला यावत्तावत् म्हणतात. या शब्दाचा अर्थ, जेवढे असेल तेवढे. लिहिताना त्याचे पहिले अक्षर ‘या’ तेवढे लिहायचे. आज शाळेत जेथे आपण क्ष मानू असे म्हणतो, तेथे ते या मानत. एकाहून अधिक संख्या अज्ञात असतील तर दुसरीला कालक, तिसरीला नीलक, मग पीतक, लोहितक अशी रंगांची नावे, आणि लिहिताना का, नी, पी, लो. वर्ण या शब्दाचा अर्थ रंग असाही होतो आणि अक्षर असाही होतो. ज्ञात संख्येपुढे ‘रू’ लिहीत. रू म्हणजे रूप, व्यक्त झालेली संख्या. वर्गासाठी ‘व’, घनासाठी ‘घ’. एखादी संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब देत. ऋण म्हणजे कर्ज आणि धन म्हणजे जवळची संपत्ती. हे शब्द बाजारातून गणितात आले आणि मराठीत आजही दोन्हीकडे चालू आहेत.

ही चिन्हे भास्कराचार्यांनीच शोधून काढली असे मात्र नव्हे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त अव्यक्त संख्यांचे आणि वर्णांचे गणित आहे. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांचे बीजगणिताचे ग्रंथ फार विस्तृत असल्याने आपण त्यांचे सार काढून विद्यार्थ्यांसाठी मांडले, असे स्वतः भास्कराचार्यच सांगतात. पूर्वसूरींचे ऋण त्यांनी लपवले नाही. मांडणीतील नेटकेपणा आणि उदाहरणे सोडवून दाखवण्याची पद्धत यांत मात्र त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही. सूत्र पद्यात, पाठ करण्यासाठी. त्याखाली प्रश्न, तोही पद्यात. आणि मग गद्यात उलगडा, कोणते वाक्य कसे लिहायचे हे दाखवणारा.

हा उलगडा कसा असे, हे घोड्यांच्या प्रश्नातून चांगले कळते. एका माणसाजवळ तीनशे नाणी आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्यावर शंभर नाण्यांचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखीच आहे. तर एका घोड्याची किंमत किती? येथे इष्टकर्म चालत नाही. घोड्याची धरलेली किंमत दुप्पट केली म्हणून तीनशे नाणी काही दुप्पट होत नाहीत.

भास्कराचार्य घोड्याची किंमत एक यावत्तावत् मानतात. मग सहा घोड्यांची किंमत सहा यावत्तावत् आणि दहा घोड्यांची दहा. कर्ज ऋण म्हणून लिहायचे. पहिल्याची संपत्ती एका ओळीत आणि दुसऱ्याची तिच्याखाली, अशी मांडणी होते :

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या ओळीतील १०० च्या डोक्यावर टिंब आहे असे समजायचे. दोन ओळी एकाखाली एक आल्या म्हणजे त्या समान आहेत, हे गृहीतच असे. बरोबरीसाठी निराळे चिन्ह नव्हते. आज वापरात असलेल्या दोन समांतर रेघा युरोपात प्रथम रॉबर्ट रेकॉर्ड याच्या १५५७ च्या पुस्तकात छापल्या गेल्या. आजच्या पद्धतीने वरील दोन ओळी ६क्ष + ३०० = १०क्ष − १०० अशा लिहिता येतील. यानंतरचे काम हाताचे आहे. एका बाजूचे अव्यक्त दुसऱ्या बाजूच्या अव्यक्तातून वजा करायचे आणि रूपे उलट बाजूने वजा करायची. एकीकडे चार यावत्तावत् राहतात, दुसरीकडे चारशे रूपे. एका घोड्याची किंमत १०० नाणी. ताळा पाहावा : पहिल्याचे सहाशे आणि तीनशे मिळून नऊशे, दुसऱ्याचे हजारातून शंभर गेले, तेही नऊशे.

एवढ्यावर थांबले असते तर ते उत्तम गणिती ठरले असते; पण ते उत्तम शिक्षकही होते. त्यांनी घोडे तेच ठेवले, नाणी तीच ठेवली आणि फक्त वाक्य बदलले. आता संपत्ती सारखी नाही. पहिल्याच्या संपत्तीच्या निम्म्यात दोन मिळवले तर ती दुसऱ्याच्या संपत्तीएवढी होते. किंमत किती? आणि पुन्हा एकदा : पहिला माणूस दुसऱ्याच्या तिप्पट धनवान आहे. आता किंमत किती?

पहिल्या बदलात क्रमाकडे लक्ष द्यावे लागते. निम्मे आधी करायचे आणि दोन नंतर मिळवायचे. सहा यावत्तावत् आणि तीनशे यांचे निम्मे तीन यावत्तावत् आणि दीडशे. त्यात दोन मिळवून एकशे बावन्न. हे दहा यावत्तावत् उणे शंभर यांच्याबरोबर मांडले की सात यावत्तावत् म्हणजे २५२ असे मिळते आणि किंमत ३६ येते. दोन आधी मिळवून मग निम्मे केले तर दोनाचेही निम्मे होते, २५२ ऐवजी २५१ येतात आणि त्यांना सातांनी निःशेष भाग जात नाही. वाक्यातील शब्द तेच असतात, फक्त मागेपुढे होतात, आणि हिशेब चुकतो.

दुसऱ्या बदलात त्याहून फसवी जागा आहे. पहिला तिप्पट धनवान, हे ऐकताच नवशिका पहिल्याच्याच ओळीला तिनाने गुणतो. कारण वाक्यात तिप्पट हा शब्द पहिल्याला चिकटून येतो. पण पहिला आधीच मोठा आहे. बरोबरी साधायची तर लहानाला तिनाने गुणायला हवे. सहा यावत्तावत् आणि तीनशे हे दहा यावत्तावत् उणे शंभर यांच्या तिपटीएवढे, म्हणजे तीस यावत्तावत् उणे तीनशे यांच्याएवढे. त्यावरून चोवीस यावत्तावत् म्हणजे सहाशे आणि घोड्याची किंमत २५. ताळ्यात पहिल्याचे ४५० येतात आणि दुसऱ्याचे १५०. उलट गुणले असते तर घोड्याची किंमत ऋण १२५ आली असती, म्हणजे घोडा विकणाऱ्यानेच वर पैसे द्यायचे! आजच्या वर्गांतही पट, पेक्षा, ने जास्त, ने कमी या शब्दांपाशीच विद्यार्थी अडखळतात. बेरीज-वजाबाकी त्यांना येत असते. वाक्य कोणाविषयी काय सांगते, हे समीकरणात उतरवताना ते चुकतात. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी एका आचार्याने नेमक्या त्याच जागी तीन प्रश्न एकाशेजारी एक ठेवले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

बीज म्हणजे काय, याविषयी भास्कराचार्यांचे मत स्पष्ट होते. वर्ण हे साहाय्य करणारे आहेत. खरे बीज ही माणसाची बुद्धीच होय, असे ते मानत. अक्षरे लिहिता आली म्हणून बीजगणित येत नाही, असा याचा अर्थ. त्यांचे हे मत केवळ बोलण्यापुरते नव्हते. उत्तर हाती आल्यावर ते पुन्हा शब्दांत आणून तपासण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि या बाबतीत ते आपल्याच रीतीशी कठोरपणे वागले. त्याची उत्तम साक्ष वानरांच्या दोन प्रश्नांत मिळते.

पहिला प्रश्न असा. वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला असता जी संख्या येते, तेवढे वानर रानात खेळत आहेत. बारा वानर टेकडीवर आवाज करीत आहेत. तर कळपात वानर किती? येथे अव्यक्ताचा वर्ग येतो. अशा समीकरणाच्या रीतीला मध्यमाहरण म्हणतात आणि तिच्यासाठी भास्कराचार्यांनी श्रीधराचार्यांचे सूत्र, त्यांचे नाव घेऊन, वापरले आहे. त्या रीतीने दोन उत्तरे येतात, ४८ आणि १६. अठ्ठेचाळिसाचा आठवा भाग सहा, त्याचा वर्ग छत्तीस, आणि बारा मिळून अठ्ठेचाळीस. सोळाचा आठवा भाग दोन, वर्ग चार, आणि बारा मिळून सोळा. दोन्ही जुळतात. भास्कराचार्य दोन्ही उत्तरे मान्य करतात.

दुसरा प्रश्न दिसायला तसाच. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढे वानर गुहेत शिरले. एक वानर बाहेर फांदीवर दिसतो. कळपात किती? याही समीकरणाची उत्तरे दोन, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग दहा, तीन गेले सात, वर्ग एकोणपन्नास, आणि बाहेरचा एक मिळून पन्नास. पाचाचा पाचवा भाग एक. एकातून तीन गेले म्हणजे ऋण दोन. ऋण दोनाचा वर्ग धन चार. आणि बाहेरचा एक मिळून पाच. आकडे येथेही जुळतात. तरीही भास्कराचार्य दुसरे उत्तर स्वीकारत नाहीत. जो एक वानर प्रत्यक्ष आहे त्यातून तीन वानर काढायचे कसे? प्रत्यक्ष वस्तूंची संख्या ऋण निघाली तर लोकांना ते पटत नाही, एवढे कारण ते देतात. समीकरण बिनचूक सुटले होते. ते सोडून दिले ते अर्थासाठी.

ऋण संख्यांना ते घाबरत होते, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. ‘लीलावती’त एका त्रिकोणाचे उदाहरण आहे. त्याच्या दोन बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती लांबीचे होतील? गणित केले की एक तुकडा १५ येतो आणि दुसरा ऋण ६. येथे भास्कराचार्य उत्तर नाकारत नाहीत. ऋण म्हणजे उलट दिशा, असा ते अर्थ लावतात : लंब पायावर पडत नाही, पायाच्या बाहेर पडतो. कर्जात ऋणाचा एक अर्थ, रेषेवर दुसरा, आणि वानरांच्या बाबतीत काहीच अर्थ नाही. चिन्ह एकच असते. ते कशाविषयी आहे, हे प्रश्नातील शब्दांकडे परत गेल्याशिवाय कळत नाही.

‘बीजगणिता’त याहून कितीतरी कठीण विषय आहेत. शून्याने भागल्यास काय होते याचा विचार आहे, करणींचे म्हणजे वर्गमुळांचे गणित आहे, आणि चक्रवाल नावाची एक रीत आहे. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळवला असता पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या त्या रीतीने काढून दाखवली आहे. उत्तर कोट्यवधींच्या घरात जाते. फ्रान्समधील गणिती फर्मा याने असाच प्रश्न १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला होता. हे सर्व गणिताच्या विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे अभ्यासावे असे आहे.

शके ११०५ मध्ये, म्हणजे इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. ग्रहगणित सोप्या रीतीने करता यावे यासाठी रचलेला तो सुटसुटीत ग्रंथ आहे. उतारवयातही कठीण गोष्ट सोपी करून सांगण्याचे काम त्यांनी सोडले नव्हते.

त्यांच्या ग्रंथांना पुढे असंख्य वाचक मिळाले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. फैजीच्या अनुवादाचा उल्लेख वर आलाच आहे. शाहजहानच्या कारकिर्दीत, १६३४ मध्ये, ‘बीजगणिता’चाही फारसीत अनुवाद झाला. १८१७ मध्ये हेन्री टॉमस कोलब्रुक या इंग्रज विद्वानाने दोन्ही ग्रंथ मूळ संस्कृतातून इंग्रजीत नेले. ‘या’ आणि ‘रू’ यांची ओळख युरोपातील वाचकांना झाली ती मुख्यतः या अनुवादामुळे.

परंतु हे सर्व होण्याच्या आधी, भास्कराचार्यांच्या पश्चात लगेचच, त्यांच्या ग्रंथांची काळजी घरातल्यांनी घेतली होती. ग्रंथ हाताने लिहिले जात. शिकणारे आणि शिकवणारे नसतील तर ताडपत्रे वाळवीच्या स्वाधीन होत. मुलगा लक्ष्मीधर देवगिरीच्या यादव राजाच्या पदरी होता आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटण येथे एक मठ स्थापन केला. त्या वेळच्या भाषेत मठ म्हणजे निवासी पाठशाळा. तेथील निकुंभ घराण्यातील सत्ताधाऱ्यांनी मठाला दान दिले. ही सर्व हकिकत शके ११२८ च्या, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराच्या एका शिलालेखात कोरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शिलालेख उजेडात आणला, आणि भास्कराचार्यांची वंशावळ जगाला कळली.

शिलालेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. त्यात आजोबांची थोरवी आणि घराण्याची परंपरा वर्णिलेली आहे. शेवटचा भाग मात्र तेव्हाच्या मराठीत आहे, कारण तो व्यापाऱ्यांनी आणि तेल्यांनी समजून घ्यायचा होता. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न यापुढे मठाला द्यावे, आणि गावात जेवढे घाणे चालतील तेवढ्या घाण्यांमागे पळी पळी तेल मठाला द्यावे, असे त्यात लिहिलेले आहे.